तीन बोटं पाणी

१

गुरुवारी सकाळी कोकिळानं कपाटातून चाचणीची वही काढली, मंगळवारचं पान शोधलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. पान नव्हतं. आदल्या आठवड्यानंतर एकदम कोरा कागद.

तिनं वही झटकली, उलटी केली, पुन्हा पहिल्यापासून चाळली. घाबरलेला माणूस एकच खिसा चारदा तपासतो, तसं तिचं चाललं होतं. त्या पानावर तिचं अक्षर होतं, तिची सही होती. पान नाहीसं झालं की लोक कुणाकडे बघणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात एक नंबरच्या बॉयलरची नळी फुटली होती. हंगामाआधीची वाफेची चाचणी चालू होती. आतलं पाणी कमी पडलं, नळी तापून फाटली आणि वाफेचा लोट भट्टीच्या दारातून सटवाजी फायरमनच्या अंगावर आला. पाणी खाली गेलं की घंटा वाजावी म्हणून गेल्या हंगामात तिथं कॉम्प्युटर बसवला होता. त्याचा प्रोग्राम परभणीच्या ‘अंकुर कॉम्प्युटर्स’नं लिहिलेला. नाव भारदस्त, पण अंकुर म्हणजे स्टेशन रोडवर खताच्या दुकानाच्या माडीवरची दीड खोली, मालक भुजंगराव आणि तीन इंजिनियर.

प्रोग्राम लिहिला राधाकिशननं. तो पुण्यात शिकलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजून मापून. कारखान्यात जाऊन तारा जोडणं, बिघाड काढणं, रोज सकाळी फोन करून विचारपूस करणं बन्सीधरकडे. आणि सगळं तपासून वहीत लिहिणं, खाली सही करणं कोकिळाकडे. ती तेवीस वर्षांची, झरी गावची. तिचे वडील वैजीनाथ एकेकाळी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. आता ते त्याच कारखान्यात बॉयलरवर होते, सटवाजीच्या जोडीला.

सटवाजी म्हणत होता, घंटा वाजलीच नाही. कॉम्प्युटर म्हणत होता, वाजली. यंत्राच्या कागदी पट्टीवर छापलेलं होतं: ‘१६.१०, पाणी कमी, घंटा चालू.’ राधाकिशननं पट्टीचा तेवढा तुकडा कापून आणून मालकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

“म्हणजे गडी झोपला होता,” भुजंगरावांनी निकाल देऊन टाकला. त्यांनी एक कागद टाइप करून कोकिळाच्या टेबलावर ठेवला. प्रोग्राममध्ये दोष नाही, कामगाराचा हलगर्जीपणा, खाली तपासनीस म्हणून तिची सही. “उद्या दसरा. दहा वाजता चेअरमनसाहेबांच्या हातानं दोन नंबरचा बॉयलर पेटणार. त्याच्या आधी कागद पाहिजे.”

दोन्ही बॉयलरना मिळून तोच एक कॉम्प्युटर होता, तीच एक घंटा. आणि उद्या सकाळी त्या भट्टीसमोर उभे राहणार होते वैजीनाथ. घंटेत दोष असेल तर आपण सही करून बापालाच वाफेत ढकलतो आहोत, हा एकच विचार दोन दिवस कोकिळाच्या डोक्यात घणासारखा बसत होता.

ती वही छातीशी धरून उभी होती, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. पांढऱ्या केसांची, काखेत छत्री धरलेली एक बाई आत आली. तिनं एकदा कोकिळाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

“पान गेलं वाटतं,” ती म्हणाली. “आणि नेणारा ह्याच खोलीतला हाय.”

२

सुमनबाई बियाणे तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं परभणी जिल्ह्यातली शेतं तुडवून कुठलं बियाणं पास, कुठलं नापास, हे ठरवणं त्यांचं काम. एकदा त्यांनी खुद्द ह्या चेअरमनसाहेबांचा ज्वारीचा प्लॉट नापास केला होता. साहेबांनी आधी आदळआपट केली, आणि पुढं मात्र कुठं संशय आला की बाईंनाच बोलावू लागले. बॉयलर पेटवायच्या आधी त्यांनी बाईंना पाठवलं होतं.

“मला कॉम्प्युटरमधलं काही कळत न्हाई,” बाईंनी खुर्ची ओढत सांगून टाकलं.

“कळलं असतं तरी आज उपयोग नव्हता,” भुजंगराव म्हणाले. खंडेनवमी होती. यंत्रांची पूजा झाली होती. तिन्ही कॉम्प्युटरना हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूच्या माळा होत्या, आणि आज त्यांना हात लावायचा नव्हता.

“बरं झालं. मला माणसंच तपासायचीत.”

बाईंनी एकेकाला आतल्या अर्ध्या खोलीत बोलावलं. कोकिळाला त्यांनी लिहून घ्यायला बसवलं. संशयितालाच कारकून केल्यासारखं होतं ते. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: तुमच्या प्रोग्रामला दहापैकी किती गुण द्याल?

“साडेनऊ,” राधाकिशन म्हणाला. “अर्धा मी नम्रपणा म्हणून ठेवतो.”

“तुमी कारखान्यात जाऊन बघितलाय का चालताना?”

“चार वेळा. एकदाही चुकला नाही. फायरमन लोक पाया पडायचे बाकी होते. चहा, शाल, नारळ. आम्ही येणार म्हणून आधी कळवलेलं असायचं, सगळं कसं लख्ख ठेवलेलं.”

“लख्ख,” बाई म्हणाल्या. “लिही गं.”

बन्सीधर आला तो कपाळावर आठ्या घेऊनच. “चार. चार बी जास्तीच व्हतेत.”

“का बरं?”

“बाई, मी तिथं उंदरानं खाल्लेल्या तारा जोडायलोय. लाइट गेली की शिव्या मला, प्रिंटरची शाई वाळली की शिव्या मला. दोनदा म्हणलं मालकांना, की ती कागदाची पट्टी लय लांब यायली, आठवड्याला रीळ संपायलंय. हे म्हणले, बन्सीधर, तुला सगळ्यातच खोट दिसते.”

“रोज फोन करता ना? काय विचारता?”

“दुसरं काय विचारणार? लाइन मिळतीच दोन मिनिटं. चालतंय का? ते म्हणतेत, चालतंय. ठेवला फोन.”

“कधी ‘न्हाई चालत’ म्हणले?”

बन्सीधरनं डोकं खाजवलं. “न्हाई. आठ महिन्यांत एकदाबी न्हाई.”

बाईंनी चष्म्यावरून कोकिळाकडे पाहिलं. “आता तू. किती?”

“सात,” कोकिळा म्हणाली.

“सातच का?”

सात म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, हे तिला आत्ता पहिल्यांदाच कळलं. “मी इथं आकडे घालून बघते, बाई. पाणी कमीचा आकडा घातला की घंटेचा हुकूम सुटतो. एकदाही हुकला नाही. तक्रारीचा रकाना कोराच आहे.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण मला भीती वाटतीय. कशाची ते सांगता येत नाही.”

एक गोष्ट मात्र सांगता आली असती. पोळ्याला ती घरी गेली, तेव्हा जेवताना आबा म्हणाले होते, “तुजी घंटा लय बडबडी हाय गं. तुज्या मायीवानी.” माय लटकं रागावली, सगळे हसले, कोकिळाही हसली. ते तिनं वहीत लिहिलं नव्हतं. जेवताना बाप बोलतो त्याला कुणी तक्रार म्हणतं का?

बाईंनी तिचा कागद घेतला आणि तीन आकड्यांखाली बोट फिरवलं. “एकाच पोत्यातलं बी तिघांनी तपासलं आणि तीन आकडे आले, तर मी बियाणं बाजूला ठेवते आणि तपासणाऱ्याकडं बघते. चल.”

“कुठं?”

“चौथा आकडा आणायला. जो भाजलाय त्याचा.”

३

सरकारी दवाखान्यात सटवाजी पालथा पडून होता. पाठीवर, दंडावर पट्ट्या. आबांची पाळी चारला सुरू व्हायची, पण मंगळवारी ते वीस मिनिटं उशिरा पोचले होते. दहा मिनिटं लवकर आले असते तर ह्या खाटेवर ते असते, हा विचार आला. तिनं खाटेची कड धरली.

“सटवाजी, घंटा वाजली का?” बाईंनी विचारलं.

“न्हाई, बाई. देवाशपथ. मी जागा व्हतो. कोळसा सारखा करायलो व्हतो. पानी दिसतंय त्या काचंकडं पाठ व्हती. घंटा वाजली असती तर मी पळालो नसतो का?”

“मग मशीन खराब म्हणायची.”

सटवाजीनं मान वळवली. ती वळवताना त्याला किती दुखलं ते चेहऱ्यावर दिसलं. त्यानं कोकिळाकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाला, “न्हाई न्हाई. मशीन लय चांगली हाय. पोरीची मशीन चांगली हाय, बाई. चालतंय.”

“दहापैकी किती गुण?”

“दहाला धा.”

दवाखान्याच्या पायरीवर आल्यावर बाई थांबल्या. समोरच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा होत्या, एकीवर दुसरी रंगवलेली, दोन्ही अर्धवट.

“ऐकलंस? घंटा वाजली न्हाई म्हणतो, आणि पैकीच्या पैकी गुण देतो. स्वतःला वाचवणाऱ्यानं मशीनला शिव्या घातल्या असत्या. ह्यानं मशीनची बाजू घेतली. भाजलेल्या अंगानं घेतली.”

“म्हणजे?”

“म्हणजे तो कुणाला तरी झाकायलाय.” बाईंनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. “आणि बोलताना तो तुझ्याकडं बघत होता.”

कोकिळाच्या अंगावर काटा आला. माझ्याकडे का? मी काय केलं?

४

माडीवर परतल्यावर बाईंनी वही मागितली. फाटलेल्या जागेकडे त्यांनी बघितलंही नाही. वही मधोमध उघडली, जिथं शिलाईचा दोरा दिसतो तिथं, आणि डाव्या बाजूची पानं मोजायला लागल्या. मग उजव्या बाजूची.

“भुजंगराव, ही शंभरपानी वही. म्हणजे कागद किती?”

“पन्नास.”

“दोऱ्याच्या अलीकडं पंचवीस, पलीकडं पंचवीस. पोरीचं पान गेलं ते शेवटाकडचं. मग शेवटाकडं चोवीस उरायला पाहिजेत आणि सुरुवातीकडं पंचवीस. बरोबर?” त्यांनी वही पुढं सरकवली. “मोजा. दोन्हीकडं चोवीस हायत.”

भुजंगरावांनी मोजली, दोन्हीकडं चोवीसच. खाली खताच्या दुकानात हमाल पोती टाकत होते, तेवढा आवाज.

“शिवलेल्या वहीचं सुरुवातीचं पान ओढलं की त्याचा जोडीदार शेवटाकडनं सुटून येतो. एकच कागद असतो तो, मधे दुमडलेला. नेणाऱ्याला पोरीचं पान नको होतं. सुरुवातीचं पाहिजे होतं. जोडीदार लोंबायला लागला म्हणून तोबी न्यावा लागला. आणि लोकांना दिसलं ते शेवटचंच, कारण तारीख तुटली. सुरुवातीला काय लिहिलेलं होतं, कोकिळा?”

तिला आठवायला वेळ लागला नाही. “प्रोग्राम लिहायच्या आधी कारखान्यात जाऊन विचारून आणलेली टिपणं. ती माझी नव्हती.” आणि मग तिचा आवाज खाली गेला. “ती राधाकिशनसरांची होती.”

राधाकिशनचा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. तो खुर्चीत बसला तो मोडल्यासारखा.

“मी कोकिळाताईंना अडकवायला नाही केलं,” तो म्हणाला. “त्यांचं पान सुटून आलं तेव्हा माझेच हातपाय गार पडले. परत कसं चिकटवणार?”

“सुरुवातीचं का ओढलं ते सांगा.”

“मंगळवारी संध्याकाळी मी कारखान्यात गेलो. पट्टी बघितली. चार दहाची घंटा होती, ती कापून घेतली. पण त्याच दिवशी सकाळपासून...” तो थांबला. “सकाळपासून एकेचाळीस वेळा घंटा वाजल्याची नोंद होती. एकेचाळीस. पाणी इतक्या वेळा धोक्यात जाणं शक्यच नाही. मी रात्रभर प्रोग्राम वाचला. चूक सापडली नाही. तुम्हाला सांगतो, मी तो लिहिलाय, मला तो तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच मला त्यात काही दिसत नव्हतं. शेवटी टिपणं काढली. तिथं माझ्या हातचं एक वाक्य होतं, सटवाजीनं सांगितलेलं. पाणी तीन बोटं, घंटा. एवढंच. आणि त्या वाक्याची मला भीती वाटली. का ते अजून कळलेलं नाही.”

“काढून दाखवा,” बाई म्हणाल्या.

त्यानं कागदावर बॉयलरची काचेची नळी काढली. हातभर उंच, आत पाण्याची पातळी दिसते ती. मधोमध एक रेघ मारली. “पाणी इथं असावं लागतं.” मग आपली तीन बोटं रेघेखाली आडवी टेकवली. “इथून तीन बोटं खाली आलं की घंटा. मी तसंच लिहिलं.”

कोकिळा त्या तीन बोटांकडे बघत राहिली. चित्र ठीक होतं आणि तरी तिची भीती जात नव्हती.

“घंटा एकेचाळीस वेळा वाजली,” बाई सावकाश म्हणाल्या, “आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाला एकदाबी ऐकू आली न्हाई. उद्या पहाटेची पहिली एसटी. आपण जायलोय असं कारखान्यात कुणालाच कळवायचं न्हाई. पेरा दाखवणाऱ्याला आधी निरोप दिला की तो तण उपटून ठेवतो.”

५

एसटी गंगाखेडला पोचली तेव्हा ऊन कोवळं होतं. कारखान्याच्या फाटकाला आंब्याची पानं बांधली होती, मांडवात खुर्च्या लागत होत्या. मांडवाकडे कुणी गेलं नाही. बाई, कोकिळा आणि मागून मान खाली घातलेला राधाकिशन, तिघं सरळ बॉयलरच्या लोखंडी जिन्यानं वर चढले. बन्सीधर खाली कॉम्प्युटरच्या खोलीत गेला.

वर वैजीनाथ होते. नवा सदरा, कपाळाला गंध. लेकीला बघून त्यांचा चेहरा आधी फुलला आणि लगेच उतरला. ते उतरणं कोकिळानं पाहिलं.

“आलीस? कळवलं न्हाईस.”

“आबा, तीन बोटं पाणी म्हणजे किती? दाखवा.”

त्यांना प्रश्न समजेना. इतकी साधी गोष्ट कुणी विचारतं का, असं तोंड करून ते काचेच्या नळीजवळ गेले. वाकले. आणि आपली काळी, जाड तीन बोटं त्यांनी नळीच्या अगदी बुडाशी आडवी ठेवली.

“हे. तीन बोटं उरलं की धोका. त्याच्या वर भ्यायचं काम न्हाई. वाफ वढली की पानी चार बोटं खाली जातंय, परत वर येतंय. दिवसभर चालतंय त्याचं खालीवर.”

राधाकिशनच्या तोंडून आवाज निघाला. कोकिळाला आता सगळं एकदम दिसलं. सटवाजीनं सांगितलं होतं तीन बोटं उरलं की. लिहिलं गेलं तीन बोटं उतरलं की. वहीत क्रियापदच नव्हतं. बॉयलरवरच्या माणसाला ते लागत नाही, त्याचं बोट काचेवरच असतं. पुण्यात शिकलेल्या माणसाला ते विचारावंसं वाटलं नाही. पाणी नेहमीसारखं जरा उतरलं की घंटा, वर आलं की बंद, पुन्हा उतरलं की पुन्हा घंटा. आठ महिने, बॉयलर पेटेल त्या प्रत्येक दिवशी.

“मग ती घंटा तुम्हाला सहन कशी झाली, आबा?”

वैजीनाथांची नजर नकळत वर गेली, छपराखालच्या भिंतीकडे. कोकिळाही वर बघायला लागली. घंटा तिथं होती, पितळेची, परातीएवढी. तिच्या आणि टोला देणाऱ्या हातोडीच्या मधे काहीतरी कोंबलेलं होतं. हिरवं.

“बन्सीधर!” बाईंनी जिन्यातून खाली हाक दिली. “घंटा वाजव!”

खालून बटण दाबल्याचा खटका ऐकू आला. छपराखाली हातोडी हलताना दिसली. थप्. थप्. थप्. उशीवर थापट्या माराव्यात एवढाच आवाज. आणि खाली, कॉम्प्युटरच्या खोलीत, प्रिंटर कर्रकर्र करत छापायला लागला, की घंटा चालू.

मंगळवारी सटवाजी आणि कॉम्प्युटर, दोघंही खरं बोलत होते.

कोकिळा शिडी चढली. वर पोचेपर्यंत तिला माहीत होतं, तरी हात लावल्यावर तिला हुंदका आवरला नाही. ते तिच्या मायीचं लुगडं होतं, हिरव्या काठाचं, चौघडी घालून तारेनं आवळलेलं. मायीनं ते फाटल्यावर फडक्याला दिलं होतं, आणि ते इथं येऊन पोचलं होतं.

“हे तुम्ही बांधलंत,” ती खाली न बघताच म्हणाली.

“हाव,” वैजीनाथ म्हणाले.

६

मांडवात सनई लागली. सव्वानऊ झाले होते. भुजंगराव धापा टाकत जिन्यानं वर आले, हातात टाइप केलेला कागद, खिशात पेन. त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली आणि जिन्याच्या टोकालाच थबकले.

“आधी आमी सोसलं,” वैजीनाथ सांगत होते. “पर कानाचं पार भुस्कट झालं. सटवाजीला रातच्याला घरीबी घंटा ऐकू यायली. मग मीच म्हणलं, बांधून टाकू, काचंवर डोळा ठिवू. आजवर ठिवलाच की. मंगळवारी त्यो एकटा व्हता. कोळशाकडं बघंल का काचंकडं बघंल?” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “त्यो माझं नाव घेत न्हाई. मी त्याच्या जागी असतो तर बरं झालं असतं.”

“साहेब लोक यायचे तेव्हा?” बाईंनी विचारलं.

“निरोप यायचा. आमी काढून ठिवायचो. गेले की परत.”

राधाकिशननं भिंतीला टेकून डोळे मिटले. त्याचे साडेनऊ गुण त्या चार भेटींचे होते.

“आणि फोनवर?” कोकिळानं विचारलं. ती शिडीवरून उतरली होती, लुगड्याची घडी हातात. “बन्सीधर रोज विचारत होते. एकदा तरी सांगायचं होतंत. मला सांगायचं होतंत! मी सही करत होते, आबा. रोज. तुम्ही ज्या घंटेखाली उभे राहता तिच्यावर.” तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती मोठी होती, झालेल्याची नव्हे, होऊ शकलं असतं त्याची.

“काय सांगायचं?” वैजीनाथ म्हणाले. “ते इचारायचे, चालतंय का? आख्ख्या बॉयलरला ठावं हाय, मशीन वैजीनाथच्या पोरीची हाय. झरीतली पहिली पोर, कॉम्प्युटर शिकली. सगळे मला म्हणायचे, नशीब काढलंस. आन् मी म्हणू, माझ्या लेकीचं चालत न्हाई?” ते थांबले. “सटवाजीबी म्हणला, पोरीची नोकरी जाईल. राहू दे. चालतंय म्हणू.”

खाली सनई थांबली. कुणीतरी ओरडलं, चेअरमनसाहेबांची गाडी फाटकात आलीय.

भुजंगरावांना कंठ फुटला. “हे बघा, झालं ते झालं. फडकं काढलं, घंटा मोकळी झाली. राधाकिशन आकडा बदलेल चार दिवसांत. तोवर पूजा तर होऊ द्या. सही कर, कोकिळा. तुझ्या बापाचंही नाव निघणार नाही. नाहीतर विचार कर, यांची नोकरी जाईल आणि आपलं दुकान बंद होईल.”

सुमनबाई छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचं काम संपलं होतं.

कोकिळा बापाकडे बघत होती. सही केली तर सटवाजी झोपलेला ठरेल. आज घंटा मोकळी वाजेल, दर दहा मिनिटांनी, उद्याही, परवाही, आणि कुणीतरी पुन्हा फडकं शोधेल. त्या दिवशी काचेसमोर कुणाची पाळी असेल ते कुणी सांगावं. भीती गेली नव्हती. पण दोन दिवसांत पहिल्यांदा, ती भीती कशाची आहे ते तिला स्वच्छ सांगता येत होतं.

तिनं भुजंगरावांच्या हातातला कागद घेतला, उलटा केला, कोऱ्या बाजूवर तारीख घातली आणि लोखंडी कठड्यावर टेकवला. पेन तिनं बन्सीधरकडून घेतलं. तो नुकताच जिना चढून आला होता.

“लिव्ह,” वैजीनाथ म्हणाले. “फडकं मी बांधलं. पयलं माझं नाव लिव्ह. सटवाजी जागा व्हता, हेबी लिव्ह.”

तिनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग राधाकिशन पुढं आला आणि म्हणाला, “त्याच्याखाली माझं. तीन बोटं मी विचारून घेतली नाहीत, आणि पान मी फाडलं.” तेही तिनं लिहिलं.

“आज बॉयलर पेटणार न्हाई म्हणून साहेबांना मी सांगते,” बाई म्हणाल्या. “माझ्यावर त्यांना आदळआपट करायची सवय हाय.” आणि त्या जिना उतरू लागल्या. मागोमाग भुजंगराव, कपाळ पुसत.

वर चौघं उरले. भट्टी गार होती. कोकिळानं बापाला कोळशाच्या पेटीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली, लहानपणी पाटी घेऊन बसायची तशी.

“आबा, माझी म्हणून काही झाकायचं नाही. मला सांगा, काय काय चालत नाही?”

लेकीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं म्हणून वैजीनाथांनी काचेच्या नळीकडं बघितलं.

“ती काच,” ते हळूच म्हणाले. “तिच्यावर वाफ धरती. सांजच्याला पानी दिसतच न्हाई.”

तिनं लिहिलं.

“आन् लाइट गेली की तुजी मशीन मरती. परत उठायला पाव तास लागतो. तवर आमी देवाच्या भरवशावर.”

बन्सीधर खाली बसला. राधाकिशनही बसला, इस्त्रीच्या शर्टासकट, कोळशाच्या भुकटीत. खाली मांडवात गलका उठला होता, कुणीतरी चिडून ओरडत होतं. वैजीनाथांचा आवाज आता थांबत नव्हता, एकामागून एक, आठ महिन्यांचं. कागद भरला तेव्हा कोकिळानं मान वर न करता नुसता हात पुढं केला, आणि राधाकिशननं आपल्या वहीतला कोरा कागद फाडून तिच्या हातात ठेवला.